या महिन्यात केक सात झाले

गेल्या आठवड्यात भावाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. नातवाचा पहिला वाढदिवस, सोलापूरकडच्या एका बालगृहात. मुलं रांगेत बसलेली, पुढ्यात कागदी डिशमध्ये केक आणि वेफर्स, मागे नातवाचा भलामोठा फ्लेक्स. मी एवढंच लिहिलं की मुलांचे चेहरे दिसायला नको होते, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही.

झालं! वहिनींचा लगेच फोन. "भाऊजी, तिकडे बसून कायदे शिकवू नका. इथे निदान कोणी काही करतंय तरी."

वहिनींचं निम्मं खरं आहे. मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो, दर गुरुवारी इथल्या रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात सापशिडी खेळायला जातो. त्याआधी माझी पोलिसी पडताळणी झाली, त्यात अडीच महिने गेले. वापरलेली मऊ खेळणी जंतुसंसर्गाच्या भीतीने घेत नाहीत, फोटोचं तर नावच नको. सुरुवातीला मला हा सगळा नसता सोवळेपणा वाटला होता. मग एका गुरुवारी आठ वर्षांच्या पोराने मला पाहिलं, "आज नको" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. नर्सने मला हसून पुढच्या खाटेकडे पाठवलं. सोलापूरच्या त्या रांगेतल्या मुलाला "आज नको" म्हणता आलं असतं का? आपल्याकडे साहेबांच्या वाढदिवसाला सरकारी दवाखान्यात केळी वाटतात, तेव्हा सलाईन लावलेल्या पोरालाही कॅमेऱ्याकडे बघावं लागतं.

इथलं सगळं आदर्श आहे असं मात्र नाही. बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या मुलांची काळजी घेणारी इथली केंद्रं, म्हणजे हॉस्पिसं, मुख्यतः देणग्यांवर चालतात, लोकांचे जुने कोट आणि कपबश्या विकून. श्रीमंत देशाला हे शोभत नाही. याउलट महाराष्ट्रात कायदा आहे. उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, शिवाय बिलांचे २ टक्के निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायचे. या खाटा खरंच मिळतात का, यावर तिकडे वाद पेटलेला असतो, आणि पेटायलाच हवा. पण तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून काउंटरवरून परत फिरणाऱ्या आईसोबत कोण उभं राहतं? तिथे फ्लेक्स लावायला जागा नसते.

परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर संसार मांडलेली कुटुंबं मी नोकरीच्या दिवसांत रोज पाहायचो. मुलाच्या कॅन्सरचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. मुंबईत डोक्यावर छप्पर नसलं की आईबाप उपचार अर्धवट टाकून गावी जातात. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा अशाच लोकांसाठी उभी आहे. २००६ पासून सेंट ज्यूड्सची केंद्रं अशा कुटुंबांना मोफत खोली आणि सामायिक स्वयंपाकघर देतात. तिथे आई स्वतःच्या हाताने पोराला वरणभात करून घालते.

मला पैसे पाठवायलाही अडचण आहे. पासपोर्ट ब्रिटिश झाल्यापासून माझी देणगी परदेशी ठरते, आणि परदेशी देणगीची परवानगी नसलेल्या छोट्या संस्थांना ती घेता येत नाही. म्हणून भावाला म्हटलं, तूच अधीक्षकांना विचार त्यांना काय हवंय ते.

त्याने विचारलं. दोन मुलांचे चष्म्याचे नंबर बदललेत, अधीक्षक म्हणाले, आणि दहावीच्या पोरांना गणित शिकवायला कोणी येतं का बघा. "केक नको साहेब, या महिन्यात सात झाले."

माझा भाऊ तीस वर्षं गणितच शिकवत होता. चष्मे त्याने त्याच संध्याकाळी करून दिले. गणिताचं दिवाळीनंतर बघू म्हणतोय.