अबूट्रिकाला दुसरा क्रमांक देणारा पुरस्कार

नोव्हेंबर २०२५ मध्ये रबात येथे मोरोक्कोचा अश्रफ हकिमी आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला, याचा मला मनापासून आनंद झाला. झाईरच्या (आजचा काँगो लोकशाही प्रजासत्ताक) बवांगा त्शिमेन यांना १९७३ साली असा मान मिळाला होता आणि त्यानंतर दुसऱ्या बचावपटूची पाळी यायला तब्बल ५२ वर्षे लागली. परंतु या पुरस्काराविषयीची माझी मुख्य तक्रार त्यामुळे मिटत नाही. आफ्रिकन फुटबॉल महासंघाने १९९२ पासून स्वतःचा पुरस्कार सुरू केला, आणि तेव्हापासूनचा प्रत्येक विजेता युरोपातल्या क्लबकडून खेळणारा आहे. त्याआधी ‘फ्रान्स फुटबॉल’ हे नियतकालिक, म्हणजे चक्क पॅरिसची मंडळी, हा मान देत असत. तरीही १९८३ मध्ये कैरोच्या अल अहलीचे महमूद अल खतीब आणि १९८५ मध्ये रबातच्या लष्करी क्लबचे मोहम्मद तिमुमी निवडले गेले होते.

२००८ सालचा निकाल मला आजही खटकतो. त्या वर्षी अक्रा येथे झालेल्या आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात, शेवटची पंधराएक मिनिटे उरली असताना, इजिप्तच्या मोहम्मद झिदानने कॅमेरूनच्या रिगोबर्ट साँगसारख्या मुरलेल्या बचावपटूशी झटापट करून, पडता पडता चेंडू आडवा सरकवला आणि मोहम्मद अबूट्रिकाने सामन्यातला एकमेव गोल केला. त्याच वर्षी अबूट्रिकाच्या अल अहलीने आफ्रिकन चॅम्पियन्स लीगही जिंकली. एवढे करूनही अबूट्रिका दुसराच राहिला आणि पुरस्कार गेला तो लंडनच्या आर्सेनलच्या इमॅन्युएल अडेबायोरकडे, ज्याचा टोगो संघ त्या आफ्रिका चषकासाठी पात्रही ठरला नव्हता. अडेबायोरचे त्या हंगामातले लीगमधले २४ गोल मी नाकारत नाही. पण आफ्रिकेतली कामगिरी आफ्रिकेच्याच तराजूत हलकी ठरावी, हे काही पटत नाही.

आफ्रिकेतल्या क्लबांकडून खेळणाऱ्यांसाठी स्वतंत्र पुरस्कार आहे, हे उत्तर मला ठाऊक आहे, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. वेगळी पंगत मांडली की मुख्य पंगतीत कोणाला बसवायचे, हा प्रश्नच उरत नाही. मतदान करणाऱ्यांत राष्ट्रीय संघांचे प्रशिक्षक आणि कर्णधारही असतात, त्यामुळे सगळा दोष युरोपवर ढकलण्याचीही सोय नाही. (शनिवारी रात्री प्रीमियर लीग लावून बसणारे आपण तरी अल अहली किंवा दक्षिण आफ्रिकेच्या मामेलोडी सनडाउन्सचे किती सामने पाहतो?)

२०२४ मध्ये अडेमोला लुकमनला मिळालेला मान योग्यच होता, कारण युरोपा लीगच्या अंतिम सामन्यातल्या हॅटट्रिकबरोबरच त्याने नायजेरियासाठी आफ्रिका चषकातही तीन गोल केले होते. त्याच चषकात केप व्हर्डेविरुद्ध शूटआउटमध्ये चार पेनल्टी अडवणारा सनडाउन्सचा गोलरक्षक रॉनवेन विल्यम्स निदान अंतिम पाचांत तरी होता. २०२५ मध्ये तेवढेही झाले नाही. इजिप्तच्या पिरॅमिड्स क्लबला पहिलेवहिले आफ्रिकन चॅम्पियन्स लीग विजेतेपद मिळवून देण्यात मोठा वाटा असलेला काँगोचा फिस्टन मायेले वेगळ्या पंगतीतला पुरस्कार घेऊन गेला, आणि मुख्य पुरस्काराच्या अंतिम तिघांत हकिमीसोबत इजिप्तचा सालाह व नायजेरियाचा ओसिमेन, म्हणजे पुन्हा युरोपातल्या क्लबांचेच खेळाडू होते.