कर्नल घाबरला

आमच्या घरात 'हलका' हा शब्द शिवीसारखा वापरतात. ह्यांचा टॉवेलचा धंदा. माल हातात घेतला की आधी वजन बघायचं, रंग नंतर. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आलेल्या भाच्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर काहीतरी खटपट केली आणि "मावशी, कॉम्प्युटर चालवणारी एकदम हलकी सिस्टिम टाकलीय, लुबंटू. फुकट असते," असं कौतुकाने सांगितलं, तेव्हा ह्यांनी लॅपटॉप उचलून तळहातावर तोलला. "फुकट, आणि वर हलकी," एवढंच बोलले आणि दुकानाला गेले.

त्या हलक्या सिस्टिमने दुकानाची सगळी बिलं काढली. आधीची सिस्टिम जागी होईपर्यंत माझ्या दोन भाकऱ्या थापून भाजून व्हायच्या. लुबंटू एका भाकरीत उठायची. लॅपटॉप २०१०चा, मेमरी चार जीबी, बॅटरी केव्हाच वारलेली. भिंतीतली पिन निघाली की तो तिथल्या तिथे मान टाकायचा. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, म्हणजे मला माहीत होती.

लुबंटूच्या आवृत्त्यांना जनावरांची नावं असतात. माझी २२.०४, म्हणजे २०२२च्या एप्रिलातली, जॅमी जेलीफिश. तिची देखभाल तीन वर्षांची, म्हणजे २०२५च्या एप्रिलपर्यंत. ती मुदत संपत आली तशी पडद्यावर रोज एक चौकट यायला लागली. २४.०४ आहे, नोबल नम्बॅट, घेणार का? नम्बॅट हा ऑस्ट्रेलियातला वाळवी खाणारा प्राणी. याला निदान पाठीचा कणा तरी आहे, असं मनात आलं. चालत्या गाड्याला खीळ घालू नये हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्याच आठवड्यात भिशीत एकीने नवाकोरा लॅपटॉप आणून सगळ्यांना हात लावून बघायला दिला होता. माझ्याकडे नवीन म्हणावं असं निदान जनावर तरी असावं, असं वाटलं.

दुपारी बाराला सुरुवात केली. बाहेर ऊन असं की गच्चीवर टाकलेले पापड तळून घ्यायची गरज वाटू नये. पडद्यावर सूचना आली: काम कित्येक तास चालेल, आणि सगळं उतरवून झालं की नंतर रद्द करता येणार नाही. लग्नात भटजीसुद्धा एवढं स्पष्ट सांगत नाहीत. मी 'हो' म्हटलं आणि कूलरसमोर आडवी झाले.

आता इथे सोलापूरबाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं. उजनी धरण काठोकाठ भरलं की पेपरात फोटो येतो, नळाला पाणी त्याच्या त्याच्या वारीच येतं. वार ठरलेला असतो, वेळ ठरलेली नसते. बोलावणं आलं की आमंत्रणातला मुहूर्त नंतर बघतात, आधी त्या दिवशी पाणी आहे का ते बघतात. पाणी आलं की माणूस हातातलं काम, तोंडातला घास आणि फोनवरचा जावई सोडून पळतो. हौद भरून वाहायच्या आत त्यातलं पाणी मोटरने वरच्या टाकीत चढवायचं असतं, म्हणजे खाली आणखी मावतं. आणि आमच्या मोटरची वायर पोहोचते ते घरात एकच प्लग पॉइंट आहे.

चारच्या सुमाराला शेजारच्या काकूंची आरोळी आली, "पाणी आलं ओ!"

मी धडपडत उठले तोवर सासूबाईंनी पिन काढलेली होती. वय अठ्ठ्याहत्तर, एरवी चष्मा सापडत नाही. लॅपटॉपची पिन एका हाताने बाहेर, मोटरची दुसऱ्या हाताने आत. मोटर घरघरली. पडदा काळा.

"आई!"

"काय झालं? पाणी आलंय की."

यावर सोलापुरातल्या सुनेने काय बोलायचं? तास-दीड तास बादल्या, पिंप, घागरी, टाकी. रागवायचं होतं, पण भरल्या टाकीखाली उभं राहून रागावता येत नाही. संध्याकाळी सासूबाईंना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी लॅपटॉप ओल्या फडक्याने चारही बाजूंनी खसाखसा पुसला. हे पुसणं आम्हाला फार महागात पडलं, पण ते नंतर कळलं.

रात्री सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर धावल्या आणि थांबल्या. कॅप्स लॉकचा दिवा आपोआप लुकलुकायला लागला. शेवटच्या ओळीत होतं, 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग'. ह्यांनी चष्म्यातून वाचलं. "पॅनिक म्हणजे घाबरणं. कर्नल घाबरलाय. पण बुडत नाही म्हणतोय."

"आपल्यात कोण कर्नल होतं गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

१९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या पोराने जाहीर केलं होतं की मी एक सिस्टिम करतोय, फुकट, नुसती हौस म्हणून, फार मोठी व्हायची नाही. त्याची ती हौस म्हणजे लिनक्स. माझ्या लुबंटूच्या पोटातही तीच, आणि तिचा जो गाभा, त्याचं नाव कर्नल. आज जगातल्या बहुतेक सर्व्हरांत आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये हाच कर्नल ड्युटीवर आहे. पण मराठीत लिहिलं की तो थेट मिलिटरीत जातो, आणि सासूबाईंच्या डोक्यात तो मिशा आणि बिल्ल्यांसकट गेला तो गेलाच.

पुण्याला फोन लावला. भाचा म्हणाला, "मावशी, घाबरू नकोस."

"मी नाही घाबरले. तो घाबरलाय."

त्याने समजावलं ते असं. नवीन कर्नल, ६.८, जागेवर येऊन बसला होता. पण कर्नलला डिस्क उघडून द्यायला सुरुवातीला एक छोटी शिदोरी लागते, ती बांधायच्या आतच पिन निघाली. ताण्याच्या सुताचा बीम मागावर चढवला पण धागे ओवलेच नाहीत, तर मागाने विणायचं काय? हे आमच्या घरात लगेच पटलं. शिदोरीचं नाव मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं, 'इनिटरामएफएस'. भाचा 'रॅम' म्हणत होता, माझ्या अक्षरात 'राम' झालं. सासूबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. "म्हणजे ह्या नव्या कर्नलात राम नाही, असंच ना?"

भाचा पलीकडून बराच वेळ हसला. म्हणाला, याहून बरोबर मला सांगता आलं नसतं.

उपाय असा होता की जुना कर्नल, ५.१५, अजून घरातच आहे. नवा आला म्हणून जुन्याला लगेच काढत नाहीत. त्याला हाक मारायची तर लॅपटॉप सुरू होताना शिफ्टचं बटण दाबून धरायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्यांदा मी उशिरा दाबलं, घाबरलेला कर्नल आला. दुसऱ्यांदा लवकर सोडलं, पुन्हा तोच. तिसऱ्यांदा ह्यांनी मदत म्हणून दुसरं शिफ्टही दाबलं आणि त्यावरून आमचं वाजलं. पाचव्यांदा जांभळट यादी आली. त्यात 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', त्याच्या आत दोन कर्नल, वरती नवा, खाली निवृत्त. निवृत्तावर एंटर मारलं. एका भाकरीच्या वेळात माझा ओळखीचा पडदा समोर. एवढी वर्षं पेन्शन खाणारा माणूस हाकेसरशी गणवेशात उभा राहावा तसं झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते न विचारता आलेलं एकमेव पाणी होतं.

मग अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचा हुकूम फोनवरून उतरवून घेतला. सुडो, जागा, डीपीकेजी, जागा, दोन आडव्या रेघा, कॉन्फिगर, जागा, एक आडवी रेघ, ए. हुकमांच्या आधी 'सुडो' लिहायचं म्हणजे मालकाच्या अधिकाराने कर असं सांगायचं. रात्री साडेअकराला मला त्यात फक्त 'सूड' वाचता येत होतं. सामान दुपारीच उतरवून ठेवलेलं असल्यामुळे नेट लागलं नाही. शिदोरी बांधली गेली, नव्या कर्नलात राम आला, नम्बॅट उठला. ह्यांनी सुद्धा "बरं झालं" म्हटलं. वायफाय मात्र नव्हतं.

वायफायचं चिन्हच नाही. शेजाऱ्यांची नेटवर्कं रोज न विचारता दिसायची, ती पण गायब. सकाळी भाच्याने पहिलाच प्रश्न विचारला, "लॅपटॉपच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ती सरकलीय का?" मी अपमान झाल्यासारखं 'नाही' म्हटलं आणि मग बघितलं. सरकली होती. ओल्या फडक्याने. पट्टी मागे सरकवली, निळा दिवा लागला, मी देवाला साखर ठेवली. नेटवर्क तरीही नाही.

कारण कळलं तेव्हा मी थक्क झाले. माझ्या लॅपटॉपातल्या वायफायच्या चिपला चालायला फर्मवेअर नावाचा स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम लागतो. तो सिस्टिमबरोबर फुकट वाटायला परवानगी नाही, म्हणून त्याला बसवणारं पॅकेज तो प्रत्येक वेळी इंटरनेटवरून स्वतः आणतं. रात्री ते पॅकेज नवीन होताना त्याने आधी जुनं फर्मवेअर पुसून टाकलं, आणि मग नवीन आणायला निघालं तर पट्टी बंद, नेट नाही. जुनी भांडी मोडीत घालून झाल्यावर बाजार बंद असल्याचं कळावं तशी गत. कर्नलच्या रोजनिशीत तर ओळच होती, 'फर्मवेअर फाइल सापडली नाही', आणि त्याखाली इंग्रजीत हुकूम, की तुम्ही अमुक वेबसाइटवर गेलंच पाहिजे आणि तिथून योग्य फाइल उतरवलीच पाहिजे. नेट नाही म्हणून रडणारा माणूस समोर, आणि त्याला सांगायचं काय, तर नेटवर जा. रहिवासी दाखल्यासाठी रेशनकार्ड आणि रेशनकार्डासाठी रहिवासी दाखला मागणाऱ्या खिडकीसमोर मी उभी राहिलेली आहे, त्यामुळे भाषा ओळखीची वाटली.

दुकानातल्या पोराला पेनड्राइव्ह देऊन नव्या पेठेत पाठवलं. तो उन्हातून पॅकेज घेऊन आला. लावलं. पॅकेज उघडलं आणि म्हणालं, फर्मवेअर इंटरनेटवरून आणायचं आहे, नेट द्या. पोराला मी सरबत दिलं. त्याचा काय दोष.

शेवटी भाचा म्हणाला, फोन वायरने जोड, फोनचं नेट लॅपटॉपला दे, त्याला कुठलं फर्मवेअर लागत नाही. फोन जोडला. काही नाही. दुसरी वायर. नाही. घरात सात वायरी निघाल्या, आणि सातही नुसत्या चार्जिंगच्या, आत डेटाच्या तारा नाहीतच. ह्यांनी एक हातात धरून तोलली. "बघ," म्हणाले, "हलकी."

तेवढ्यात सासूबाई उठल्या, कपाट उघडलं, साड्यांच्या मागून त्यांच्या फोनचा खोका काढला. आत पिशवीत, पिशवीवर रबर, रबराखाली फोनबरोबर आलेली मूळ वायर, घडीसुद्धा न मोडलेली. "खोक्यातलं कधी टाकू नये," म्हणाल्या. जोडली आणि पडद्यावर लगेच नेट आलं.

पण फोन त्यांचा, नेटही त्यांचं. दिवसाचा दीड जीबी, आणि त्यावर दुपारचं कीर्तन.

"किती खाईल तुझा कर्नल?"

फर्मवेअर तसं चिमूटभर असतं. पण मधल्या काळात साठलेल्या अद्ययावत फायलींनी मला विचारलं नाही. कीर्तन निरूपणावर आलं आणि गोल फिरायला लागलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं. मी संध्याकाळी कडक भाकरी, शेंगा चटणी आणि त्यांच्या आवडीचं वांगं केलं. तोवर वायफायही आलं होतं, शेजाऱ्यांच्या सगळ्या नेटवर्कांसकट. घरच्या वायफायवर त्यांना राहिलेलं निरूपण लावून दिलं.

पाच दिवसांनी पुन्हा आरोळी आली, "पाणी आलं ओ!" मी स्वयंपाकघरात होते. सासूबाई प्लगपाशी पोहोचल्याचं पावलांवरून कळलं. मग शांतता. हौद भरल्याचा आवाज येत होता, मोटरचा येत नव्हता. बाहेर येऊन बघते तर त्या पिनेवर हात ठेवून उभ्या.

"काढू का? की आत कर्नल बसलाय?"

आता सासूबाई घरातली कुठलीही पिन काढण्याआधी हे विचारतात. मिक्सर असला तरी.