शिक्का पाहिला, मालक कोण तेही पाहा

व्हीगन वस्तूंवरच्या एका लेखात म्हटलंय की ‘व्हीगन’ शिक्क्याची, म्हणजे दूध-मांसासारखं प्राण्यांपासून मिळणारं काहीही नसलेली, वस्तू घेतली की छोट्या व्हीगन उद्योजकाला हातभार लागतो. इथे मात्र थोडं थांबावंसं वाटतं. शिक्का वस्तूबद्दल सांगतो, मालकाबद्दल नाही. वनस्पतिजन्य दुधाचा ‘अल्प्रो’ हा ब्रँड 2017 पासून डॅनोन या बड्या फ्रेंच कंपनीकडे आहे, आणि डॅनोनचा मोठा धंदा डेअरीचाच. मांसाला वनस्पतिजन्य पर्याय बनवणारी ‘द व्हेजिटेरियन बुचर’ ही कंपनी 2018 मध्ये युनिलिव्हरने घेतली होती. अशा वस्तू घेऊ नयेत असं मी म्हणत नाही, त्यांच्यामुळे पर्याय सहज मिळू लागले. पण तो पैसा छोट्या माणसापर्यंत पोहोचत नाही, एवढं खरं.

छोट्या उद्योगाची खरी अडचण असते हातातल्या रोख पैशाची. कच्चा माल आधी विकत घ्यायचा, वेष्टनं हजारोंनी छापून घ्यायची, आणि मोठ्या दुकानसाखळीला माल दिला तर पैसे महिना-दोन महिन्यांनी येणार, तेही कमिशन कापून. म्हणून शक्य असेल तेव्हा थेट बनवणाऱ्याकडूनच घ्यावं. आगाऊ मागणी नोंदवली तर आणखी उत्तम, कारण किती माल काढायचा हे त्याला आधी कळतं आणि नासाडी टळते. वर्षातून एकदा, 1 नोव्हेंबरच्या जागतिक व्हीगन दिनाला, उत्साहाने मोठी खरेदी करण्यापेक्षा दर महिन्याला थोडं थोडं घेतलेलं त्याला जास्त उपयोगी पडतं. आणि कृपा करून त्याच्याकडे घासाघीस करू नका. मोठ्या कंपनीइतकी सवलत देणं त्याला परवडतच नाही.