आधी किल्ला, मग पोटापाण्याचे पाहू

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा साम्राज्य उभारून लढण्याचा संगणकावरचा खेळ १९९९ साली आला, २०१९ साली ‘डेफिनिटिव्ह एडिशन’च्या रूपाने पुन्हा सजला, आणि नवख्या सम्राटांना धूळ चारण्याच्या कामात त्याने आजवर कधी कसूर केलेली नाही. या धुळीचा मान आपल्यालाही मिळावा अशी इच्छा असेल, तर पुढील मार्गदर्शन निःसंकोच शिरोधार्य मानावे.

बहुतेक संस्कृतींच्या वाट्याला आरंभी एक टाउन सेंटर (गावकरी जेथे तयार होतात ती मुख्य इमारत), तीन गावकरी आणि एक घोडेस्वार स्काउट, म्हणजे टेहळ्या, येतो. अखंड गावकरी तयार करत राहा, असा धोशा लावणारे जाणकार येथेच भेटतील. त्यांना ओळख दाखवू नये. एक गावकरी ५० अन्नात आणि २५ सेकंदांत तयार होतो, म्हणजे टाउन सेंटर पाच मिनिटे निवांत ठेवले की १२ गावकऱ्यांचा व्याप परस्पर टळतो आणि ६०० अन्नाची बचतही होते. (ते अन्न गोळा करायला माणसेच नसतात, हा तपशील बचतीच्या आनंदात मोजायचा नसतो.) घरे बांधण्याचीही घाई नको. टाउन सेंटरात पाच जणांची सोय असते आणि चौघे आधीच हजर असतात. त्यामुळे २५ लाकडांचे एक घर लांबणीवर टाकले तरी साम्राज्याची वाढ आपोआप आटोक्यात राहते.

स्काउटला मेंढ्या शोधण्यासारख्या क्षुल्लक कामाला जुंपू नये. त्याला थेट शत्रूच्या टाउन सेंटरखाली नेऊन हुतात्मा करावे. रानडुकराला डिवचून गावकऱ्याने घराकडे धूम ठोकायची आणि तेथे सर्वांनी मिळून त्याला मारायचे, अशी एक रूढ पद्धत आहे, पण पळ काढणे आपल्या प्रजेला शोभणार नाही. गावकऱ्याला तिथेच उभा ठेवावा.

खरी दूरदृष्टी दगडाच्या खाणीवर दिसते. किल्ल्याला ६५० दगड लागतात आणि हाती २०० असतात, म्हणून पहिल्याच मिनिटाला निम्मी प्रजा खाणीवर पाठवावी. किल्ला कॅसल एज हे तिसरे युग गाठल्याखेरीज बांधता येत नाही, तेथवर पोहोचायला आधी ५०० अन्न आणि नंतर ८०० अन्न व २०० सोने मोजावे लागते, आणि दगड खाऊन प्रजेचे पोट भरत नाही, या शंका कोत्या मनाच्या लोकांना येतात. आचाऱ्याला सुपारी न देता सनई-चौघड्याची बोलणी करत बसलेल्या वधुपित्याचे समाधान त्यांना काय कळणार?

सैन्यात वैविध्य असावे: एक तलवारबाज, एक धनुर्धर, शोभेला एखादा धर्मगुरू. शत्रूचे नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, चालून आले, तर ३५ अन्न आणि २५ लाकडांत मिळणारे भालाईत जमवून त्यांना अडवणे शक्य असते. परंतु ज्यांच्या स्वारीवर प्रत्येकी ६० अन्न आणि ७५ सोने खर्च झाले आहे, अशा खानदानी पाहुण्यांपुढे स्वस्तातली माणसे उभी करणे आतिथ्याला धरून होणार नाही.

चकमक सुरू झाली की नजर तेथून हलवू नये. मध्येच ‘एच’ची कळ दाबून टाउन सेंटरकडे फिरकणारे, तेथे चार गावकरी रांगेत लावून पुन्हा रणांगणावर येणारे लोक युद्धाचा आस्वाद कधी घेतात, हे एक कोडेच आहे. या खेळात पाळी नावाची गोष्ट नसते. आपण एका धनुर्धराची झुंज डोळे भरून पाहत असताना प्रतिपक्ष शेते पेरत असतो आणि त्याची गावकरी-संख्या शंभरीकडे सरकत असते. सरकू द्यावी. ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे सराव-धडे नेमके हेच व्यवधान शिकवतात, सबब ते उघडू नयेत.

शेवटी आकडेवारीचा तक्ता समोर येईल. त्यात ‘सोसायटी’चे पान काढावे, किल्ल्यांच्या रकान्यातला १ हा आकडा मनसोक्त न्याहाळावा, आणि गावकऱ्यांची सर्वोच्च संख्या दाखवणारा रकाना दुर्दैवाने त्याच पानावर असल्यामुळे तो तळहाताने झाकून घ्यावा.