ओजिब्वे आठवड्यात येते म्हणे!

‘ओजिब्वे ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची भाषा संस्कृतातूनच निघाली. व्याकरण नावालाच. शंभर शब्द पाठ करा, मराठीसारखे मांडा, आठवड्यात बोलायला लागाल.’ हा फॉरवर्ड फिरत फिरत मिनेसोटात ही भाषा शिकणाऱ्या भाचीपर्यंत पोचला, वर मावशीची टीप: ‘बघ, तुला सोपं जाईल.’ आता उत्तर देणं आलं.

आधी संस्कृत. फॉरवर्डमधला पुरावा काय, तर मराठीसारखेच ओजिब्वेतही ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. आहेत, हे मान्य करावंच लागेल. ‘निन्दनोकीमिन’ म्हणजे आम्ही काम करतो, तू त्यात नाहीस. ‘गिदनोकीमिन’ म्हणजे आपण काम करतो. मराठी माणसाला हे चटकन कळतं, एवढाच फायदा. पण ज्या संस्कृतातून हा भेद गेला म्हणता, तिथे दोन्हीला एकच ‘वयम्’! भेद तमिळ-तेलुगूत आहे. ओजिब्वे उत्तर अमेरिकेतल्या अल्गॉन्क्वियन भाषाकुळातली, तिथल्याच क्री भाषेची बहीण.

खरं नुकसान करतो तो शंभर शब्दांचा सल्ला. ‘बघणे’ हा एकच शब्द घ्या. ओजिब्वेत नामं सजीव आणि निर्जीव अशा दोन गणांत असतात आणि क्रियापद त्यानुसार बदलतं. मी माणसाला बघतो: ‘निवाबमा’. मी होडी बघतो: ‘निवाबन्दान’. यादीतून एकच रूप उचललंत, तर माणसाला वस्तूचं क्रियापद लावून मोकळे व्हाल. पुढची गंमत: ‘गिवाबम्’ म्हणजे तू मला बघतोस, ‘गिवाबमिन्’ म्हणजे मी तुला बघतो. दोन्हीकडे सुरुवातीला ‘गि’, म्हणजे ‘तू’. कर्ता कोणीही असो, ‘तू’ वाक्यात आला की सुरुवातीची जागा त्याचीच. कोण कोणाला बघतंय ते शेवट सांगतो. इथे मराठीचा शब्दक्रम लावून काय होणार?

म्हणून शब्द सुटा पाठ करू नका. नाम अनेकवचनासकट लिहा: शेवटी ‘ग’ आला तर सजीव, ‘न’ आला तर निर्जीव. क्रियापदाची सजीव आणि निर्जीव अशी दोन्ही रूपं शेजारी-शेजारी लिहा आणि मी-तू, तू-मी, मी-तो, तो-मी ही चार रूपं तोंडात बसल्याशिवाय पुढचं क्रियापद घेऊ नका. मिनेसोटा विद्यापीठाची ‘ओजिब्वे पीपल्स डिक्शनरी’ ऑनलाइन फुकट आहे. तिथे नामाचा गण, अनेकवचन, क्रियापदाचा प्रकार आणि बऱ्याच शब्दांना भाषकांचा आवाजही मिळतो. फॉरवर्डवाल्याने ती एकदा उघडली असती, तर हे सगळं लिहावं लागलं नसतं.

‘सजीव म्हणजे ज्याची पूजा करतात ते’ हेही त्याच फॉरवर्डमधलं. रास्पबेरी सजीव (मिस्कोमिनग), स्ट्रॉबेरी निर्जीव (ओदे’इमिनन). कोणाची पूजा चाललीय? गण पाठच करावा लागतो, जसं बाहेरच्याला आपलं ‘ती खुर्ची, ते टेबल’.

राहिलं ‘देवनागरीत लिहा, उच्चार आपोआप बरोबर येतो.’ ऱ्हस्व-दीर्घ ‘अ’ आणि ‘इ’ निभावतात, पण ओजिब्वेत ‘ओ’सुद्धा ऱ्हस्व आणि दीर्घ असतो, आणि आपल्याकडे त्याला एकच अक्षर. ‘ओदे’इमिन’मध्ये मधेच घशात आवाज क्षणभर अडतो, त्या खटक्याला तर अक्षरच नाही. वहीत रोमन लिपीच ठेवा, दीर्घ स्वर दोनदा लिहून. फक्त ‘ए’ एकदाच, तो नेहमी दीर्घच असतो.