मला पीटरची गोष्ट हवी आहे

हॅरी पॉटरच्या सातव्या भागातलं हॅरीच्या आईचं, लिलीचं पत्र आठवतंय? ग्रिमॉल्ड प्लेसच्या त्या कोंदट घरात, हॅरीच्या बाबांचा जिवलग मित्र सिरियस याच्या खोलीत विस्कटून पडलेल्या कागदांत हॅरीला सापडतं ते. हॅरीचा पहिला वाढदिवस नुकताच झालाय, म्हणजे १९८१ चा उन्हाळा. लिली सिरियसला कळवतेय की तू पाठवलेल्या खेळण्यातल्या झाडूवरून लेक घरभर उडतोय, मांजर थोडक्यात वाचलं, बहीण पेट्युनियाने नाताळला पाठवलेली भयानक फुलदाणी फुटली, नवरा जेम्स घरात कोंडून राहून वैतागलाय पण तसं दाखवत नाही. हॅरी ते पत्र वाचतो, पुन्हा वाचतो आणि मग नुसतं अक्षर बघत बसतो. आई ‘जी’ हे अक्षर अगदी आपल्यासारखंच काढायची, हे त्याला तेव्हा कळतं.

बहुतेकांना ते ‘जी’ आठवतात. मला त्याच पत्रातलं दुसरं काहीतरी छळतं. लिली जाता जाता लिहिते की मागच्या शनिवार-रविवारी वर्मी येऊन गेला, जरा उतरलेला वाटला, मॅकिनन कुटुंबाची बातमी कळल्यामुळे असेल. ती स्वतः ती बातमी ऐकून संध्याकाळभर रडली होती.

वर्मी म्हणजे वर्मटेल. जेम्स आणि सिरियसचा शाळेपासूनचा मित्र, पीटर पेटिग्रू.

तिसऱ्या भागात सिरियस स्पष्ट सांगतो की जेम्स आणि लिली मारले गेले त्याच्या आधी वर्षभर पीटर त्या दुष्ट जादूगाराला, व्होल्डेमॉर्टला बातम्या पोचवत होता. ते मारले गेले ३१ ऑक्टोबर १९८१ ला. म्हणजे लिली ज्याची काळजी करतेय तो माणूस तिच्या घरी येऊन बसला, बाळाशी खेळला असेल, आणि तेव्हा त्याला फितूर होऊन कितीतरी महिने झाले होते. आता यात पाचव्या भागातला फोटो मिळवा. मूडी हा जुना लढवय्या हॅरीला व्होल्डेमॉर्टविरुद्ध लढणाऱ्या फिनिक्स संघटनेच्या जुन्या मंडळींचा फोटो दाखवतो. ही मार्लीन मॅकिनन, फोटो काढल्यावर दोन आठवड्यांत मारली गेली, सगळं घरच संपवलं. हा बेंजी फेनविक, याचे फक्त तुकडे सापडले. हा कॅराडॉक डिअरबॉर्न, याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. आणि हे तुझे आईबाबा. त्या दोघांच्या मधोमध पीटर बसलेला आहे. मार्लीनच्या मृत्यूची बातमी पत्रात ताजी आहे, म्हणजे फोटोही त्याच उन्हाळ्यातला, फार तर थोडा आधीचा. दोन धागे जुळतात ते असे: दोघांच्या मध्ये बसून कॅमेऱ्याकडे बघणारा पीटर तेव्हाही त्यांचा राहिलेला नव्हता.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं. पोटात गोळा आला होता. त्या दिवसापासून माझं मत ठाम आहे: या मालिकेची एकच पूर्वकथा लिहायची असेल, तर ती पीटरची लिहावी.

मला माहीत आहे, बाकी सगळ्यांना काय हवंय. चार संस्थापक हवेत. हजार वर्षांपूर्वीची हॉगवर्ट्स ही जादूची शाळा, गॉड्रिक आणि सालाझारची मैत्री तुटताना. नाहीतर मरॉडर्स हवेत, म्हणजे जेम्स, सिरियस, रेमस आणि नाइलाजाने पीटर, सात वर्षांची धमाल. सिरियसचा भाऊ रेग्युलस ब्लॅक याच्यावर जीव टाकणारे वाचक तर मला पदोपदी भेटतात आणि त्यांचं मला पटतंही. व्होल्डेमॉर्टच्या फौजेत गेलेला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, घरचा नोकर क्रीचर याच्यावर काय बेतलं ते कळल्यावर व्होल्डेमॉर्टने लॉकेट लपवलेल्या त्याच गुहेत जातो, विष स्वतः पितो आणि क्रीचरला लॉकेट घेऊन घरी जायला सांगतो. पण ती गोष्ट क्रीचरच्या तोंडून आपण ऐकली आहे, हुंदके देत, जमिनीवर पडून सांगितलेली. त्यावर तीनशे पानं लिहून काय वाढणार? क्रीचर सांगतो त्यापेक्षा चांगली ती कोणी सांगू शकणार नाही.

स्वतः रोलिंगबाईंनी २००८ मध्ये एका कार्डावर आठशे शब्दांची पूर्वकथा लिहिली होती. तिचा धर्मादाय लिलाव झाला आणि २५,००० पौंड मिळाले. हॅरीच्या जन्माच्या साधारण तीन वर्षं आधीचा प्रसंग, जेम्स आणि सिरियस मोटरसायकलवर, मागे दोन पोलीस. वाचताना मजा येते, दोघांचा उद्धटपणा आणि गोडवा एकदम खरा वाटतो. पण त्यात पीटर नाही. रेमसही नाही. चौघांपैकी ज्या दोघांवर प्रकाश पडायचा त्यांच्यावरच तिथेही पडला.

‘फॅन्टास्टिक बीस्ट्स’च्या चित्रपटांबद्दलही बोलायला हवं, कारण पूर्वकथा कुठे घसरते ते तिथे दिसतं. पाच चित्रपट करायचं ठरलं होतं, २०१६ ते २०२२ मध्ये तीन झाले आणि गाडी थांबली. मला पहिला आवडला होता, कारण न्यूट आणि जेकब ही माणसं आपल्याला नवीन होती. मग हळूहळू सगळी पात्रं आधीच्या कुणाची तरी नातेवाईक निघायला लागली. व्होल्डेमॉर्टची नागीण नागिनी म्हणजे मुळात एक शापित बाई. आणि हॉगवर्ट्सच्या शिक्षिका मॅकगॉनॅगल? पाचव्या भागात त्या अम्ब्रिजला सांगतात की येत्या डिसेंबरमध्ये शिकवायला लागून एकोणचाळीस वर्षं होतील. तो भाग घडतो १९९५ मध्ये, म्हणजे सुरुवात १९५६ ची. चित्रपटात मात्र त्या १९२७ मध्येच हॉगवर्ट्समध्ये शिकवताना दिसतात. काहींना ही क्षुल्लक चूक वाटेल. मला ती जिव्हारी लागली. ओळखीचा चेहरा दाखवून टाळी घ्यायची म्हणून त्या बाईचं आयुष्यच सरकवून टाकलं. पूर्वकथेने आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींचं ओझं मान्य करूनच चालायला हवं, नाहीतर नवीन जग रचावं.

आणि पीटरच्या गोष्टीत ओझंच तर आहे सगळं.

पाचव्या भागातला तळ्याकाठचा प्रसंग बघा, त्यांच्याच वर्गातल्या, त्यांच्या नावडत्या स्नेपच्या आठवणीतला. परीक्षा संपलीय. जेम्स स्निच हा छोटा उडता चेंडू सोडतोय आणि शेवटच्या क्षणी झेलतोय. पीटर प्रत्येक झेलीला श्वास रोखून बघतोय, टाळ्या वाजवतोय. सिरियस जेम्सला म्हणतो, बस कर आता, नाहीतर हा आनंदाने चड्डी ओली करेल. पीटर किंचित लाल होतो. त्याच्याबद्दल लेखिकेने तिथे फार थोडं लिहिलंय. पुढे स्नेपला उलटं टांगतात आणि आपण पीटरला विसरतो. मी नाही विसरू शकत. शाळेत असताना आमच्याही चौघींत मी चौथी होते. मला कुणी वाईट वागवलं नाही, मैत्रिणी चांगल्याच होत्या. पण कोणी विनोद सांगायचा आणि कोणी हसायचं हे ठरलेलं असायचं, आणि त्या वयात ते किती खोल रुजतं ते मला माहीत आहे.

तरी पीटर बिनकामाचा मुळीच नव्हता, आणि हे वाचकांच्या ध्यानात राहत नाही. अॅनिमेगस (मनात येईल तेव्हा प्राण्याचं रूप घेणारा जादूगार) होणं भल्याभल्यांना जमत नाही, तो पाचव्या वर्षी झाला. जेम्स आणि सिरियसची मदत लागली, पण झाला. झोडपणाऱ्या विलोच्या बुंध्यावरची गाठ दाबायला उंदीर झालेला पीटरच लागायचा. हरीण झालेल्या जेम्सला आणि कुत्रा झालेल्या सिरियसला त्या फांद्यांखालून जाताच आलं नसतं. लांडगामानव असलेल्या रेमसपाशी पोचायची वाट दर पौर्णिमेला पीटर उघडायचा. चौघांनी बनवलेल्या शाळेच्या नकाशावर चार टोपणनावं आहेत, त्यात वर्मटेल दुसरा आणि पॅडफूट, म्हणजे सिरियस, तिसरा आहे. मुलांना शाळेच्या चार गटांत वाटणाऱ्या सॉर्टिंग हॅट या टोपीला त्याच्या बाबतीत ग्रिफिन्डॉर की स्लिदरिन हे ठरवायला पाच मिनिटांहून जास्त लागली, असं रोलिंगबाईंनी नंतर लिहिलंय. हॅरीच्या ओळखीच्यांत असं दोघांच्याच बाबतीत घडलं, एक पीटर आणि दुसऱ्या मॅकगॉनॅगल. अकरा वर्षांचं पोर स्टुलावर बसलंय, टोपी गप्प आहे, अख्खं सभागृह वाट बघतंय. गोष्ट इथून सुरू करा ना!

मला त्याला माफ करायचं नाही. पण फितुरी एका रात्रीत होत नाही, हे मला वाचायचंय. पुस्तकात तो एवढंच रडत सांगतो की व्होल्डेमॉर्टची ताकद तुम्हाला माहीत नाही, नकार देऊन काय मिळालं असतं. हे झालं पकडल्यावरचं बोलणं. त्याआधी पहिली भेट कुठे झाली असेल? पहिली बातमी किती किरकोळ होती? ती दिल्यावर कोणी मेलं नाही म्हणून दुसरी देणं सोपं गेलं का? मॅकिनन कुटुंबाची बातमी आली तेव्हा तो खरंच उतरला होता की उतरल्याचं दाखवत होता? मला वाटतं, खरंच. आणि हेच सगळ्यांत भयंकर आहे. पुढे सातव्या भागात, हॅरीने आपला जीव वाचवला होता याची आठवण करून देताच, पीटरच्या त्या व्होल्डेमॉर्टने दिलेल्या चांदीच्या हाताची हॅरीच्या गळ्यावरची पकड क्षणभर ढिली पडतेच की. त्या क्षणभराची किंमत म्हणून तोच हात पीटरचा गळा आवळतो.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर कुणी बोलताना मी ऐकलं नाही. हॅरीचा मित्र रॉन याची आई मॉली वीझली हिचे दोन भाऊ, गिडियन आणि फेबियन, त्याच संघटनेत होते, त्याच फोटोत. मूडी सांगतो की त्यांना मारायला व्होल्डेमॉर्टचे पाच अनुयायी, डेथ ईटर्स लागले. हॅरी सतरा वर्षांचा होतो तेव्हा मॉली त्याला घड्याळ देते. ते फेबियनचं, मागच्या बाजूला पोचा आलेलं. वस्तू जपून वापरायची त्याला सवय नव्हती, असं ती सांगते आणि पुढे तिला बोलवत नाही. याच मॉलीच्या घरात पीटर स्कॅबर्स नावाचा उंदीर होऊन बारा वर्षं राहिला. आधी पर्सीचा उंदीर, मग रॉनचा. तिच्या भावांच्या मृत्यूत पीटरचा हात होता असं पुस्तकात कुठेही नाही आणि मीही म्हणणार नाही. पण ज्यांच्यासोबत तो बैठकांना बसला, त्यांच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात तो मुलांच्या हातचे तुकडे खात होता. भावांच्या आठवणीने ती कधी एकटी रडली असेल, तेव्हा तो तिथेच कुठेतरी कोपऱ्यात असेल. पूर्वकथेत फेबियनला नुसतं आणा, हातातलं ते घड्याळ कुठेतरी आपटताना दाखवा. पुढचं वाचक आपोआप जोडतील.

लढाया नकोत या पुस्तकात. व्होल्डेमॉर्टही शक्यतो पानावर नको. बैठका असाव्यात, निरोप असावेत, एकमेकांवरचा वाढता संशय असावा. सिरियसला रेमसवर संशय होता, म्हणूनच त्याला न कळवता जेम्स-लिलीच्या घराचा ठावठिकाणा जपणारा सीक्रेट कीपर बदलला आणि पीटरला केलं. सगळ्यांचं लक्ष चुकीच्या मित्रावर होतं.

आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जाऊच नये. ती रात्र आपल्याकडे आहे. शेवटचं प्रकरण मला त्या शनिवार-रविवारचं हवंय, गॉड्रिक्स हॉलोमधलं. बाळ झाडूवरून जमिनीपासून दोन फुटांवर उडतंय, जेम्सचे पाय मागे धावतायत. पीटर फारसं बोलत नाही. निघताना लिली दारापर्यंत येते, नीट राहा म्हणते, बाळाचा हात धरून त्याला टाटा करायला लावते. पीटर मागे वळून बघतो की नाही, ते लेखकाने ठरवावं. मग काही दिवसांनी ती टेबलाशी बसते, कागद पुढे ओढते आणि लिहायला लागते, ‘प्रिय पॅडफूट’.