आधी सिस्टिम धड करा, मग नवी चिप विका

परवा रात्री लाइट गेली. जळगावचा मे महिना, पंखा बंद, घरात थांबवेना. म्हटलं गच्चीवर पडून थोडं खेळू. हॅन्डहेल्ड (हातात धरून गेम खेळायचं विंडोजवालं मशीन) चालू केलं तर कंपनीचं कंट्रोल सॉफ्टवेअर आडवं: अपडेट करा. 'नको' म्हणायला जागाच नाही. फोनचा हॉटस्पॉट दिला, हजाराच्या वर एमबी गेले, मशीन रीस्टार्ट झालं आणि दोन्ही स्टिक मेल्या. ए दाबा, बी दाबा, ढिम्म. कारण काय, तर बटणं चालवणारं सॉफ्टवेअरच अर्धवट बसलं होतं. अंधारात खाली उतरून कीबोर्ड शोधला, हब शोधलं. हातात धरून खेळायच्या वस्तूला कीबोर्ड जोडायचा?

सकाळी सर्व्हिसला फोन. जळगावात सेंटर नाहीच, कुरिअर करा. मग त्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "सर, नवीन मॉडेलमध्ये हा प्रॉब्लेम येत नाही." म्हणजे? माझं मशीन अजून वॉरंटीत आहे! मी बिघाड सांगायला फोन केला आणि तुम्ही मलाच पुढचं मॉडेल विकताय? मी विचारलं, विंडोज काढून स्टीमओएस, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीची लिनक्सवरची गेमसाठीची सिस्टिम, टाकू का? तर म्हणे वॉरंटीचं सांगता येणार नाही. दिवसभर डोकं तापलेलं होतं, अजून उतरलेलं नाही.

नवीन मॉडेल हाच तर सगळा रोग आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्व्हचं स्टीम डेक आलं, स्टीमओएसवर चालणारं हॅन्डहेल्ड. ऐन मारामारीत पॉवरचं बटण दाबा, झोपतं. पुन्हा दाबा, तिथूनच सुरू. लोकांना आवडलं ते हे. बाकीच्यांनी त्यातून काय घेतलं? नुसता आकार! २०२३ मध्ये असुसचं आरओजी अलाय, मग लेनोवोचं लीजन गो, २०२४ मध्ये एमएसआय क्लॉ. झेड वन एक्स्ट्रीम चिप घ्या, कोअर अल्ट्रा चिप घ्या, १२० हर्ट्झचा पडदा घ्या, १४४चा घ्या. आत सगळ्यांच्या विंडोज ११, टेबलावर माउस धरून बसणाऱ्यासाठी केलेली. ती झाकायला प्रत्येकाचं वेगळं झाकण: आर्मरी क्रेट, लीजन स्पेस, एमएसआय सेंटर एम. डेस्कटॉप बाजूला ठेवून सरळ गेमच्या पडद्यावर उघडणारी विंडोज यायला ऑक्टोबर २०२५ उजाडला, एक्सबॉक्स अलायसोबत. साडेतीन वर्षं!

स्टीमओएस अधिकृतपणे घालून विकणारी व्हॉल्व्हबाहेरची पहिली कंपनी लेनोवो, लीजन गो एस, तीही २०२५ मध्ये. एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम घालून लोकांनी मोजलं, तर बऱ्याच गेमला स्टीमओएसवर सेकंदाला फ्रेम जास्त मिळाल्या, म्हणजे गेम जास्त सफाईने चालले. हे कळूनही बाकीचे चिपचेच आकडे नाचवतात. आणि व्हॉल्व्ह तरी काय, डेक भारतात अधिकृतपणे विकतच नाही. बाहेरून आलेलं घ्या, चढ्या भावात, वॉरंटी शून्य. आम्ही गिऱ्हाईक नाही का?

वर भुसावळचा आमचा आतेभाऊ. लिनक्सवर गेम चालत नाहीत, हे तो प्रत्येक लग्नात सांगतो. अरे भो, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन २०१८ पासून आहे! चालत नाहीत ते काही अँटीचीटवाले, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर लागणारे ऑनलाइन गेम: व्हॅलोरंट, फोर्टनाइट, बॅटलफील्ड ६. एपेक्स लेजेंड्स हा गेम तर डेकवर चालत होता, २०२४ मध्ये कंपनीनेच बंद केला. तो त्यांचा निर्णय, लिनक्सला शिव्या कशाला? मी एकटा बसून गोष्टीचे गेम खेळणारा माणूस, मला व्हॅलोरंट नकोच आहे. मला बटण दाबल्यावर गेम सुरू झालेला हवा.

माझं मशीन एएमडी चिपचं आहे, म्हणजे बॅझाइट, स्टीमओएससारखीच लिनक्सवरची सिस्टिम, बसते. पेनड्राइव्ह तयार आहे, सेव्ह फायली काढून ठेवल्यात. आज रात्री लाइट राहिली तर विंडोज पुसतोय. वॉरंटी जायची तर जाऊ दे, कुरिअर करून त्यांच्या दारात मी जाणार नाही.